साडेचारचं पाणी आणि तीनचा खेळ

अन्याय माझ्या आईवर झाला. रविवारी, तीनच्या खेळाला, चार वाजून वीस मिनिटांनी. मी पाच वर्षांची होते आणि शेजारच्याच खुर्चीत बसले होते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

पिक्चरची माझी पहिली आठवण पडद्यावरची नाहीच. पडद्यावर कोण कोणाला मारत होतं, कोण का नाचत होतं, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दिवे लागले, आईने मांडीवरची पर्स उचलली, अंधारात काढून ठेवलेल्या चपला पायाने शोधल्या आणि ती उठली. मला वाटलं, बाथरूमला चालली. मग दिवे गेले, पिक्चर परत सुरू झाला आणि आई आली नाही. मी भोकाड पसरलं. बाबांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "गप. पाणी भरायला गेलीय."

लालबागच्या आमच्या चाळीत पाणी साडेचारला यायचं आणि पावणेसहाला जायचं. दिवसातून एकदाच. तिसऱ्या मजल्यावर धार करंगळीएवढी. मोरीतलं पिंप, दोन हंडे, कळशी आणि झाकणाच्या तीन बादल्या भरायला तेवढा वेळ पुरायचा, मिनिट शिल्लक राहायचं नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशीच्या साडेचारपर्यंत शेजारी तांब्या घेऊन उभं राहायचं. थेटर चाळीपासून दहा मिनिटांवर होतं आणि तीनच्या खेळाचा इंटरव्हल चारवीसला व्हायचा. इतकी चोख व्यवस्था मी नंतर कुठल्याही सरकारी कामात पाहिली नाही.

बायका दुसऱ्या खेळाला का जात नव्हत्या, असं मला एका सभेत एका गृहस्थाने विचारलं होतं. बाराच्या खेळाला स्वयंपाक. सहाच्या खेळाला स्वयंपाक. नऊच्या खेळाला, तुमच्या आईला विचारा.

थेटरच्या डोअरकीपरला हे सगळं पाठ होतं. इंटरव्हलच्या जरा आधीच तो बाजूचा दरवाजा उघडून उभा राहायचा आणि दिवे लागले की ओरडायचा, "चला, पाणीवाल्या!" आमच्या आणि आसपासच्या चाळींतल्या बायका रांगेने उठायच्या. बाकीचे लोक वडे घ्यायला पुढच्या दाराने, या बायका बाजूच्या दाराने. एखादी रेंगाळली की तो म्हणायचा, "ओ वहिनी, हिरो थांबेल, नळ नाय थांबायचा." त्या हसायच्या. मीही हसायचे. आता ते वाक्य मला अजिबात विनोदी वाटत नाही.

बाबा कधी उठले नाहीत. ते वाईट नव्हते. सहा दिवस कामावर जायचे, म्हणून सातव्या दिवशी बसायचे. आई सातही दिवस कामावर होती, म्हणून तिला सवय होती. शिवाय बाबांना कुठल्या हंड्यात प्यायचं आणि कुठल्यात वापरायचं, हे माहीत नव्हतं. शिकायला वेळ होता. रोज साडेचारला शिकवणी चालू होती.

मला बरेच दिवस वाटायचं, की पिक्चर दोन मापांत मिळतो. बायकांचा लहान, पुरुषांचा आणि पोरांचा मोठा. शाळेत बाईंनी विचारलं, मोठेपणी काय होणार? मी म्हटलं, पुरुष. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "पिक्चर आवडतो तिला, दुसरं काय नाय." बाईंना काही कळलं नाही. आईला कळलं होतं.

उरलेला अर्धा पिक्चर आईपर्यंत पोहोचवणं, हे माझं काम होतं. मी घरी येईपर्यंत नळ शेवटचं फुसफुसत असायचा, आई पिंपावर झाकण ठेवायची आणि विचारायची, "हं, पुढे?" मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून सांगायचे. गाणी मी गाळायचे, कारण ती मला आवडायची नाहीत. मारामारी सगळी सांगायचे, हातवाऱ्यांसकट. गॅलरीतून दोन-चार काकू ऐकायला यायच्या. शेजारच्या खोलीतल्या काकूचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता, तोही आपल्या आईला सांगायचा, पण त्याचं सांगणं म्हणजे "मग तो मेला, मग लग्न झालं, संपला." त्यामुळे काकू माझ्याकडे यायची. "तुझ्या पोरीचा पिक्चर लांब असतो गो," असं ती आईला म्हणायची. आईची मान ताठ व्हायची. मी सहा वर्षांची होते आणि मला भाव होता.

अशा परिस्थितीत माणूस भ्रष्ट होतो. मी झाले.

तो पिक्चर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. नवरा गेलेला, दीर घराबाहेर काढतो. इंटरव्हलला ती कुठल्याशा खाडीच्या धक्क्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन उभी असते आणि लाँच सुटत असते. ती चढते की मागे फिरते, हे कळायच्या आत दिवे लागले. आईचं गाव खाडीकाठचं. लग्न करून ती अशाच धक्क्यावरून अशीच ट्रंक घेऊन आली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा लगेच उठली नाही. डोअरकीपरने दोनदा हाक मारली. शेवटी उठली ती मागे बघत बघत गेली, आणि पडद्यावर तर फक्त साबणाची जाहिरात चालू होती.

आणि मी झोपले. दुपारी आंबोळ्या झाल्या होत्या, पंखा डोक्यावर होता, मी सहा वर्षांची होते. जाग आली तेव्हा बाबा मला खांद्यावर घेऊन थेटरचा जिना उतरत होते.

घरी आले तर आईने नळाखाली हंडा लावलेला, आणि तिने झाकण ठेवायचीही वाट बघितली नाही.

"चढली का गो ती लाँचवर?"

मला काहीच माहीत नव्हतं. झोपले असं सांगितलं असतं तर एका मिनिटात मिटलं असतं. पण गॅलरीत काकू येऊन उभी होती.

"मेली," मी म्हटलं.

"मेली? कशी?"

माझ्यासमोर हंडा भरत होता. "पाण्यात पडून."

"पोहता येत नव्हतं तिला?"

"नाही."

"खाडीवरची बाई, आणि पोहता येत नाही," आई म्हणाली. तिने नळ बंद केला. हंडा गळ्यापर्यंत भरला नव्हता, अजून पाच-सात मिनिटं पाणी होतं, तरी तिने नळ बंद केला. मी तिला असं करताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

बातमी गॅलरीभर गेली. थोड्या वेळाने काकूचा मुलगा आला आणि म्हणाला, ती चढते. पुढे शिवणाचा क्लास काढते आणि शेवटी दीरच तिच्या दारात येतो. काकू म्हणाली, "अगो, माझो सांगता ती चढता म्हणान."

"माझी पोरगी सांगते मेली."

"तुझी पोर ल्हान हा. झोपली असतली."

"माझी पोर खोटं बोलत नाय," आई म्हणाली. "तुझ्याने आजवर एक पिक्चर धड सांगितलाय काय?"

तिथून ते माझ्या झोपेवरून काकूच्या मुलाच्या मार्कांवर गेलं, मार्कांवरून गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीवर, आणि गोधडीवरून दोघींचं बोलणं बंद झालं. मी पलंगाखाली बसून ऐकत होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. महिनाभराने गणपतीत गौरीच्या ओवशाला दोघी परत बोलायला लागल्या, पण त्या बाईचा विषय पुन्हा निघाला नाही. आईने तिला मेलेली धरलं. कोणी एकटी बाई धीराने काही करायला निघाली, की आई म्हणायची, "करू दे. पण ती धक्क्यावरची आठवते ना, तिचं काय झालं?" मी पुढे शिकायला बाहेरगावी जायचं म्हटलं, तेव्हाही हेच म्हणाली. मी गेले नाही. यात त्या वाक्याचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही, पण शून्य नाही.

कॉलेजात असताना तो पिक्चर मी मोबाइलवर शोधून पूर्ण पाहिला. ती चढते. क्लास काढते. दीर दारात येतो. काकूच्या मुलाने एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. मी आईला सांगितलं नाही. तेव्हा मी चाळीचाळींत जाऊन पत्रकं वाटायला लागले होते आणि पत्रकात दुसऱ्यांनी केलेले अन्याय लिहायचे असतात.

आता चाळ नाही. तिच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. नळाला चोवीस तास पाणी आहे, पण हे आईला मान्य नाही. ती म्हणते, "आज आहे." बाल्कनीत निळं पिंप आहे आणि ते रोज साडेचारला भरलं जातं.

मागच्या महिन्यात मी तिला लोअर परळच्या मॉलमध्ये पिक्चरला नेलं. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, ज्या गिरणीत होते, तिच्याच आवारात तो मॉल आहे. वर जाताना ती म्हणाली, "इथे तुझ्या आजोबांना डबा द्यायला यायचे मी, आत सोडायचे नाहीत. आता बघ, पिशवी तपासून सोडतात." खुर्ची मागे झोपते, हे तिला पटलं नाही. ती पूर्ण वेळ ताठ बसली, पर्स मांडीवर घेऊन. पण पिक्चर आवडत होता, मधे दोनदा तिने माझा दंड दाबला.

इंटरव्हल झाला. तिने पायाने चपला शोधल्या आणि उठली. मला वाटलं, बाथरूमला चालली. बरोबर तेच, जे पाच वर्षांची असताना वाटलं होतं.

दिवे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी धावत बाहेर आले, तर ती सरकत्या जिन्यापाशी. सिक्युरिटीवाला तिला समजावत होता, "आंटी, अभी आधा ही हुआ है."

"हां, मालूम है," आई म्हणाली.

"आई, कुठे चाललीस?"

"साडेचार होतील आता."

"नळाला पाणी असतं गं! आत्ता आहे, रात्री आहे, उद्या आहे!"

"तू बस. संपला की ये, आणि मला सांग पुढे काय झालं ते. तू चांगलं सांगतेस."

ती हे कौतुकाने म्हणाली. मी तिथेच, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, लोकांचे धक्के खात, सांगून टाकलं. "आई, ती धक्क्यावरची बाई मेली नव्हती. मी झोपले होते. ती लाँचवर चढते."

कोण धक्क्यावरची, असं आईने विचारलं नाही.

"क्लास काढते?"

"काढते."

"दीर येतो दारात?"

"येतो."

"आणि मी त्या काकूच्या पोराचे मार्क काढले."

"हो."

"वीस वर्षं मेलेली धरून बसले मी तिला. काय गो तू!"

तिने पर्समधून फोन काढला आणि काकूला लावला. काकू आता आमच्याच टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर असते. आई म्हणाली, "ती मेली नाय गो." पलीकडून इतक्या मोठ्याने उत्तर आलं, की मला ऐकू आलं, "मी तेव्हाच सांगी होतंय!" एवढंच बोलणं झालं. आईने फोन ठेवला, पदर खोचला आणि मागे वळली.

"कुठे?"

"आत. तुझ्या सांगण्यावर आता माझा विश्वास नाय. माझं मी बघते."

तिने बघितलं. पूर्ण. मधे मोठ्याने म्हणाली, "हा मरणार बघ," आणि तो मेला, तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. पिक्चर संपला, नावं सरकायला लागली, लोक निघाले. आई बसून राहिली. झाडूवाले आत आले तरी बसून.

"चल ना," मी म्हटलं.

"संपल्यावर कुठल्या दाराने जायचं असतं?" तिने विचारलं. बाजूचं दार तिला ठाऊक होतं. पुढच्या दाराने ती कधी बाहेर पडली नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. निळं पिंप रिकामं होतं. बाबा म्हणाले, "आज पिंप नाही भरलं?" आई म्हणाली, "नळ तिकडे आहे," आणि काकूकडे पिक्चर सांगायला गेली.

आता तुमचं. लालबाग-परळच्या ज्या चाळी उभ्या आहेत, तिथे आजही नळाला वेळ आहे, आणि त्या वेळेला घरातलं एकच माणूस उठतं. तुमच्याकडे चोवीस तास पाणी असेल, तर तुमच्याकडेही कोणीतरी दुसऱ्या कशासाठी उठत असेल. कुकरसाठी, दारावरच्या बेलसाठी, तुमच्या चहासाठी. कोण, ते तुम्हाला माहीत आहे. येत्या रविवारी तिच्या आधी तुम्ही उठा. कुठल्या हंड्यात प्यायचं असतं, ते आजच विचारून ठेवा. भरून झालं की परत या, आणि पुढे काय झालं ते तिला विचारा.