मगरे सर कायम झाले त्याची गोष्ट

वाटूर फाट्यावर उतरून अप्पाराव मगरे कुठं राहतो असं विचारलं, तर टपरीवाला विचारात पडेल. मगरे सर म्हटलं की पानाला चुना लावता लावताच हात करील. ‘सर’ ही पदवी अप्पारावला विद्यापीठानं दिली नाही, फाट्यानं दिली. त्याचा बाप ज्यांच्या शेतात सालगडी होता त्यांची पोरं त्याच्यासमोर बाकावर बसली. आणि त्या पोरांचे बाप जळालेली मोटार बैलगाडीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "सर, येवढी भरून द्या." हे ज्यांना साधं वाटतं त्यांनी आमच्याकडची गावं पाहिलेली नाहीत.

मोटार भरणं म्हणजे तिच्यात पाणी भरणं नव्हे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, खाचांत नवा कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे मोजून बसवायचे, वार्निश पाजायचं, सुकवायचं. वेढे चुकले तर मोटार फिरते, पण तापते. हे काम अप्पाराव डोळे मिटून करायचा. जालन्याच्या आयटीआयतून तो वायरमन होऊन बाहेर पडला आणि शहाऐंशी साली काकासाहेबांच्या तंत्र प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागला. काकासाहेब म्हणजे मोठे बागायतदार आणि संस्थेचे अध्यक्ष. जिल्हा नवा होता. खेड्यातल्या पोरांच्या हाताला धंदा शिकवू, अशी भाषणं जोरात होती. काकासाहेबांनी पत्र्याच्या तीन खोल्या बांधल्या, बोर्ड लावला, परवानगी आणली. परवानगी आली, अनुदान आलं नाही. म्हणजे शिकवायची मुभा सरकारची, आणि शिकवणाऱ्याचा पगार वाऱ्यावर. पोरांच्या फीमधून जे उरेल ते मानधन म्हणून त्याच्या हातावर टेकवायचं. उरायचं काय, ते सांगायला नको.

"यंदा येतंय बरं का अप्पा," काकासाहेब दर जूनला सांगायचे. "फाईल मुंबईला गेली. आता तू सोडून गेला तर नंबर कुणाचा लागंल?"

सगळा फास या एका वाक्यात होता. अनुदान येईल त्या दिवशी जो खुर्चीवर, तोच कायम होणार. आदल्या दिवशी उठला त्याची आधीची सगळी वर्षं मातीत. मग उठतो कोण? पहिल्या वर्षी माणूस आशेनं थांबतो. पाचव्या वर्षी, चार वाया जाऊ नयेत म्हणून थांबतो. दहाव्या वर्षी थांबायला कारणच लागत नाही.

मी बद्रीनाथ. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण कचेऱ्यांच्या व्हरांड्यात. रेशनकार्डापासून फेरफारापर्यंत लोक कागद घेऊन माझ्याकडं येतात. अप्पारावच्या अनुदानाचे अर्जही मीच लिहायचो. एकूण किती लिहिले ते मोजलं नाही, पण उत्तर एकाचंच आलं. चौऱ्याण्णवला तपासणी समिती आली.

नियमानं केंद्रात बारा मोटारी पाहिजेत. होत्या दोन, त्यातल्या एकीचा नुसता सांगाडा. अप्पारावनं आदल्या दिवशी गावातल्या विहिरींवरून दहा मोटारी मागून आणल्या, पुसल्या, वर पांढऱ्या रंगानं नंबर टाकले. साहेब लोक खुर्चीवर टेकले, चहा आला, आणि दारात रामराव हजर.

"सर, लाईट आली! माझी मोटार द्या जल्दी, गहू वाळून राह्यला."

अप्पाराव डोळ्यानं खुणावतोय. पण रामराव शेतकरी माणूस, त्याला लाईटीपुढं समिती काय दिसणार! "तीनच तास हाय लाईट. ती सात नंबरची माझी बघा."

साहेबानं कपबशी खाली ठेवली. शेरा पडला : यंत्रसामग्री अपुरी, सबब अनुदानाची शिफारस नाही. यंत्रं घ्यायला पैसा अनुदानातून यायचा, आणि अनुदान यंत्रं असली तर मिळायचं. असलं गणित मांडणाऱ्याच्या कानाखाली काढावी, असं मी त्या साहेबाच्या तोंडावर बोललो. अप्पाराव तोवर रामरावच्या गाडीत मोटार चढवू लागला होता.

अशी एकूण सोळा वर्षं गेली. त्याच्या हाताखालून निघालेल्या पोरांनी बदनापूरला, जाफराबादला दुकानं टाकली. खुद्द फाट्यावर मोटार भरायची तीन दुकानं झाली, तिन्ही त्याच्याच चेल्यांची. पोरं पुढं गेली, सर तिथंच. त्याची बायको नंदाबाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. ती म्हणायची, "माझ्या खुरप्यावर ह्यांचं सरपण चाललंय. सरपणच ते, चुलीत घालायच्या कामाचं!"

मग दोन हजार दोन साल आलं. वसंता नावाचा त्याचा जुना विद्यार्थी मोटारसायकलवर घरी आला. वसंता जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर झाला होता.

"सर, आमच्या कारखान्यात मोटारी सांभाळायला माणूस पाह्यजे. पक्की नौकरी. मी मालकाला तुमचं नाव सांगून आल्तो. सोमवारी आठ वाजता गेटवर या, बस्स. सोमवार चुकला तर दुसरा माणूस तयार हाय."

"वसंता, मी चाळीस वर्षांचा झालो आता."

"म्हणून तर घाई करून राह्यलो, सर. आणखी दोन सालांनी मालक म्हणंल, म्हातारा आणला."

नंदाबाईनं त्याच दिवशी ट्रंक काढली. अप्पाराव काकासाहेबांकडं जाऊन सांगून आला. काकासाहेबांनी कपाटातली त्याची मूळ प्रमाणपत्रं काढून दिली, वर म्हणाले, "जा बाबा, भलं होत असलं तुझं तर." म्हणजे दार सताड उघडं होतं. आणि ते बंद करणारा मी.

मला एक विद्या येते. टेबलाच्या अलीकडून, साहेबाच्या पुढ्यातला उलटा कागद वाचायची. कुणी शिकवली नाही, गरजेनं आली. कचेरीतली माणसं आपल्याला सांगत नसतात, म्हणून आपण विचारायचं नाही, वाचायचं. या विद्येची मला भलती घमेंड होती. त्या शनिवारी दुसऱ्याच कामानं मी जालन्याच्या कचेरीत गेल्तो. पुंजाराम कारकून फोनवर बोलत होता. त्याच्या पुढ्यात केंद्रांची यादी. नवव्या ओळीवर आमच्या केंद्राचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात शब्द : कायम. त्याच्या खाली पुंजारामच्या जेवणाच्या डब्याचं बूड.

आमच्याकडं ‘कायम’ या शब्दाला एकच अर्थ आहे. पोरीचा बाप स्थळ बघायला गेला की विचारतो, "पोरगा कायम हाय का?" बस. त्यात जमीन, रूप, स्वभाव सगळं आलं. मी पुंजारामला म्हटलं, "आमचं झालं वाटतं?" त्यानं मान हलवली. मला हलवली की फोनवरच्याला, हे मी बघत बसलो नाही. डबा उचल म्हणालो नाही. पळत जाऊन एसटी पकडली.

दुपारी चारला फाट्यावर उतरलो तो ओरडतच. टपरीवरची माणसं माझ्या मागं निघाली. अप्पाराव अंगणात ट्रंकेला दोरी बांधत होता.

"सोड ती दोरी! कायम झालास तू, अप्पा! यादीत नाव आलं!"

तो उठला नाही. दोरी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "तुम्ही सोत्ताच्या डोळ्यानं पाह्यलं, बद्रीभाऊ?"

"माझ्या डोळ्यानं. नववी ओळ."

"कायम म्हणून लिव्हलंय?"

"का-य-म. आता काय कोर्टात शपथ घेऊ?"

नंदाबाई दारात उभी होती. "भाऊ, हुकूम आणला का?"

"हुकूम येईल टपालानं."

"मंग टपाल आल्यावर दोरी सोडू. सोमवारी जाऊ द्या ह्यांना."

"वहिनी, सोळा वर्षं थांबला आणि आता दोन दिवस आधी उठायचं? उद्या हुकूम आला आणि खुर्ची रिकामी दिसली तर?" काकासाहेबांचंच वाक्य मी बोलत होतो, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही.

तोवर अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. कुणीतरी पेढे आणले. रामरावनं पहिला पेढा अप्पारावच्या तोंडात घातला. "सर, आता तरी सात नंबरची मोटार सरकारची घ्या!" सगळे हसले. अप्पारावही हसला, आणि हसता हसता त्यानं दोरी सोडली. नंदाबाईनं पेढा घेतला नाही.

सोमवार गेला. हुकूम बाराव्या दिवशी आला. काकासाहेबांनी केंद्रात सगळ्यांसमोर वाचायला घेतला : "सदर केंद्रास कायम विनाअनुदान तत्त्वावर चालविण्यास…" आणि आवाज बारीक झाला. डब्याच्या बुडाखाली तो दुसरा शब्द होता. केंद्र चालवा, पण अनुदान आज नाही, उद्या नाही, पुन्हा मागायचंही नाही. कायम अप्पाराव झाला नव्हता. त्याला न मिळणारा पगार कायम झाला होता.

अप्पारावनं कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला. "बद्रीभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही खोटं न्हाई वाचलं. अर्धं वाचलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझा राग मला स्वतःवर काढता येत नाही. मी जालन्याला जाऊन पुंजारामच्या टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं की. लपवायचं काय त्यात?" बारा वर्षं त्या कचेरीत भांडलो, पण त्या दिवशी टेबलावरचा हात उचलून सरळ एसटी धरली.

अप्पाराव कारखान्याच्या गेटवर जाऊन आला. जागा भरली होती, आणि भरलेला माणूस त्यानंच एक्क्याण्णवला शिकवलेला. त्या पोरानं बाहेर येऊन पाय धरले. वसंता खाली मान घालून उभा. अप्पारावनं पोराला दोन गोष्टी समजावल्या, चहा पिला आणि परतीची जीप धरली.

नंदाबाईनं मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेरच बोलली, "भाऊ, लई अर्ज लिव्हले तुम्ही. आता एक लिव्हा. ह्यांचा राजीनामा. नौकरी न्हाई तर न्हाई, माझ्या बरोबर खुरपायला येतील. पण फुकट राबणं बंद."

अप्पाराव खाली बघत म्हणाला, "लिव्हा."

मी लिहिला. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात छोटा कागद. आम्ही दोघं काकासाहेबांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि खरंच बुचकळ्यात पडले.

"अप्पा, हा मंजूर कसा करू? राजीनाम्याला आधी नेमणूक लागती. तुझी नेमणूक अनुदान आल्यावर काढायची होती ना रे."

"मंग सोळा वर्षं मी काय करून राह्यलो, काकासाहेब?"

"सेवा," काकासाहेब म्हणाले. टिंगल नव्हती. त्यांना तसंच वाटत होतं.

"हजेरीवर सही हाय माझी."

"ती पोरांची हजेरी. तू घेतली म्हणून सही."

माझं डोकं फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर अप्पारावनं माझ्या दंडाला धरलं. "मंग मी उद्यापासून येत न्हाई, येवढं तरी लिहून घ्या."

"लिहून कशाला? नको येऊस. कुणी धरलंय तुला?" असं म्हणून काकासाहेबांनी कागद घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला.

खरंच होतं. कुणी धरलं नव्हतं. आम्ही बाहेर आलो. फाट्यावर समोरून तीन पोरं सायकलवर आली, म्हणाली, "सर, उद्या प्रॅक्टिकल हाय ना?" त्यानं बाजूला होऊन सायकलींना वाट दिली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेदहाला केंद्राकडं गेलो. अप्पाराव कुलूप उघडत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"किल्ली माझ्याजवळच राह्यली व्हती," तो म्हणाला. "कुणाला द्यायची, ते काकासाहेबांनी सांगितलंच न्हाई."