जंगलूकाकांचा कान

गिरडकडच्या गावांत कुणाला जुनं डिझेल इंजिन घ्यायचं असलं, की विकणाऱ्याच्या दारात जाण्याआधी माणूस जंगलू कुमरेंच्या दारात जातो. जंगलूकाका बासष्ट वर्षांचे. त्यातली बावीस हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगात इंजिनांच्या सोबतीनं गेली. अक्षरओळख सहीपुरती, पण मालकानं झाकून ठेवलेलं इंजिनाचं दुखणं हा माणूस अर्ध्या तासात चारचौघांसमोर बाहेर काढतो.

त्यांची रीत ठरलेली. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी इंजिनावर हात. गरम लागलं की समजायचं, मालकानं ते आधीच चालवून ठेवलंय. गरम इंजिन पहिल्या फिरकीला सुरू होणारच, त्यात कसलं कौतुक? मग काका खुशाल बाजेवर बसून चहा मागतात आणि इंजिन गार होईस्तोवर उठत नाहीत. एका घरी तर ते जेवूनच उठले होते. पुढे तेलाची कांडी काढून तेल दोन बोटांत चोळायचं. कचकच लागली तर आत लोखंड झिजतंय, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. हँडल मारताना आतला दाब खांद्यानं जोखायचा. धूर निळा निघाला, तर हे महाराज डिझेलबरोबर तेलही पितात हे ओळखायचं. एवढं कुणीही शिकेल. पण सगळ्यात शेवटी काका हातभर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ उजव्या कानाला लावत, आणि तो कान मात्र एकट्या त्यांचाच होता.

त्याची बडदास्तही तशीच. इंजिनाला तेल लागतं तर कानाला का नको, असा काकांचा साधा हिशेब. दर रविवारी घरचं जवसाचं तेल कोमट करून दोन थेंब कानात, वर रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा. ही बोळ्याची सवय जिनिंगमधली, तिथल्या गोंगाटात सगळेच कानात रुई घालत. त्यांची बायको सुंदराकाकू दर रविवारी विचारत, "तुमचा कान हाय का बंडीचं चाक?" काका ते कानामागे टाकत.

यंदा पौषात शेजारची रुपा त्यांच्याकडे आली. तिची फिरती दाळ गिरणी. ट्रॉलीवर गिरणी बसवलेली, ती घेऊन गावोगाव जायचं आणि लोकांच्या तुरीची दाळ करून द्यायची. हंगाम दीड-दोन महिन्यांचा, आणि नेमकं हंगामाच्या तोंडावर तिचं इंजिन कायमचं बसलं. काकांनी तिला दोन ठिकाणी नेलं. एक इंजिन शेजारच्या गावात, दुसरं देवकाबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईकडे. दोन्हीकडे सगळं ठीक, पण पेचकस कानाला लावला की आतून बारीक, दबका ठोका. ठप... ठप... बेअरिंग ढिलं, काकांनी निकाल दिला, आणि रुपा रिकाम्या हातानं परतली. काकांनी नाही म्हटल्याची बातमी पसरली, तसं देवकाबाईकडे दुसरं गिऱ्हाईकही फिरकेना.

मग झालं असं, की ते पहिलं इंजिन मुकेश नावाच्या एका पोरानं काकांना न विचारता उचललं आणि विहिरीवर बसवलं. महिना झाला, इंजिन दिवसभर गव्हाला पाणी देत होतं, कुरकुर म्हणून नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा कान गेला. हे काकांच्या डाव्या कानानं बरोबर टिपलं.

त्यांना त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. उजव्या कानानं हल्ली कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं, फक्त सुंदराकाकूला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. कान गेला तर जंगलू कुमरे म्हणजे कोण? रिकाम्या बाजेवर बसलेला एक म्हातारा. काका घाबरले होते, दुसरा शब्द नाही.

अशा मनानं ते रुपाबरोबर तिसरं इंजिन बघायला गेले. समुद्रपूरच्या रस्त्यावर बाबाराव नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. त्याच्याकडे आता सौर पंप आला होता, म्हणून इंजिन ताडपत्रीखाली पडून होतं. हात लावला तर थंडगार. तेल साफ. हँडल असं उलटं रेटत होतं की काकांचा खांदा खूश झाला. धूर विरळ, लगेच हवेत मिसळणारा. रुपाचा चेहरा खुलायला लागला. काकांनी पेचकस कानाला लावला.

ठप... ठप...

दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी तिथंच मान हलवली असती. पण मुकेशचं इंजिन डोक्यातून जात नव्हतं. त्यांनी बाबारावला वेग वाढवायला खुणावलं. इंजिन धावायला लागलं, अंगणातली कोंबडी पळाली, आणि ठोका मात्र आपल्या जुन्याच चालीनं चालत राहिला. बेअरिंगचा ठोका इंजिनाबरोबर पळतो, मागे राहत नाही. काकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. चाक हळूहळू थांबलं. पेचकस अजून कानालाच होता.

ठप... ठप...

आता खोटं बोलायला त्यांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. 'नको' म्हणाले असते तरी रुपानं मान डोलावली असती, 'घे' म्हणाले असते तरी. तिनं तिसऱ्यांदा त्यांच्यावर भरवसा टाकला होता, आणि पोरीचा हंगाम हातातून चालला होता. काकांनी पेचकस खाली घेतला.

"रुपा, इंजिन बंद झालं ना?"

"कवाचंच झालं, काका."

"मले आवाज येऊनच राह्यला. खोट याच्यात नाई, माह्या कानात हाय."

बाबाराव हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं इंजिनावर ताडपत्री घातली आणि म्हणाला, दोन दिवस कोणाले दाखवत नाही, तुम्ही कान दाखवून या.

दुसऱ्या दिवशी रुपानं त्यांना एसटीनं वर्ध्याला आणि तिथून ऑटोनं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. वाटेत काका सारखे उजव्या कानावर हात ठेवून बघत होते. कानाच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, परत पाहिलं, आणि कानात काय घालता असं विचारलं. काकांनी जवसाच्या तेलाची सगळी हकीकत अभिमानानं सांगितली. बाईंनी हसू आवरलं. मऊ करायचे थेंब टाकून तासभर बसवलं, मग बारीक चिमट्यानं ओढायला सुरुवात केली. रुईचा एक बोळा निघाला, त्याच्यामागे दुसरा, आणि त्याच्यामागे मळ आणि तेल मिळून झालेला काळा, चिवट गोळा.

जवसाचं तेल हवा लागली की घट्ट होतं, बाईंनी समजावलं. म्हणून तर ते रंगात घालतात. त्या बुचामुळे बाहेरचा आवाज आत जात नव्हता आणि आतला बाहेर पडत नव्हता. इतके दिवस काका आपलीच नाडी ऐकत होते. पडदा शाबूत होता, कानाला काही झालेलं नव्हतं.

काकांना आधी पंख्याची घरघर ऐकू आली, मग बाहेरच्या बाकावर कुणी कागद फाडला तेही. त्यांचे डोळे भरून आले. पुसायचं त्यांना सुचलंही नाही.

"काका, तुमचाच फिल्टर चोक झालता," रुपा म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना. परतीच्या एसटीत काकांनी एवढ्या गप्पा मारल्या की पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा मागे वळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बाबारावच्या शेतात पेचकस पुन्हा कानाला लागला. झडपांची टिकटिक, डिझेल फवारल्याची बारीक चिटचिट, सगळं वेगवेगळं आणि स्वच्छ. दबका ठोका कुठंच नाही. इंजिन बंद केल्यावर कानात काहीच उरलं नाही. काका पेचकस खाली घेऊन रुपाला म्हणाले, घे. दुपारी इंजिन ट्रॉलीवर चढलं.

काका मात्र ट्रॉलीबरोबर गावात गेले नाहीत. वाटेत देवकाबाईच्या घरापाशी त्यांनी उतरवायला सांगितलं. देवकाबाई अंगणात सुपानं तुरी पाखडत होती. काका उभ्यानंच बोलले.

"देवकाबाई, तुह्या इंजिनात काई खोट नव्हती. मी चुकलो."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग आता कोणाकोणाले सांगत फिरू मी?"

"तू काऊन सांगतं? मीच सांगतो," काका म्हणाले आणि टपरीच्या दिशेनं निघाले. संध्याकाळची वेळ होती, सगळे तिथंच बसलेले असणार.