चमचाभर विरजण

१२ एप्रिल २०२०, रविवार. संध्याकाळी दूध कोमट करून ठेवलं आणि विरजणासाठी फ्रिज उघडला, तर दही नव्हतं. दुपारी मीच ओट्याशी उभ्या उभ्या भांडं चाटूनपुसून संपवलं होतं. तेवीस वर्षांच्या संसारात विरजणापुरतं दही बाजूला काढायला पहिल्यांदाच विसरले. घरात कोणी असतं तर टोकलं असतं. नवरा सासूबाईंना भेटायला चार दिवसांसाठी पुण्याला गेला होता, तो लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकला.

खालच्या बूथवर दूध मिळत होतं, दही आठवडाभर आलं नव्हतं. राहिल्या समोरच्या फ्लॅटमधल्या सत्तरीच्या पंजाबी बाई. दिल्लीतल्या द्वारकेत आठ वर्षं आमची दारं समोरासमोर, पण बोलणं लिफ्टपुरतं. मी कोणाकडे काही मागायला जात नाही. त्या दिवशी मास्क लावला, वाटी घेतली आणि बेल वाजवली.

त्यांनी साखळी न काढता दार उघडलं.

"आंटीजी, थोड़ा जामन मिलेगा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्यात लागलेल्या दिव्याकडे. "अभी नहीं बेटा. सुबह ले जाना."

दार बंद. तीन आठवड्यांत कोणाशी समोरासमोर बोलले ते एवढंच.

मला वाटलं, बाई घाबरल्या, माझ्या वाटीला हात लावायचा नसेल. घरी येऊन ती कोरी वाटी साबणाने धुतली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सगळं सांगून म्हटलं, "आता त्या दारात पाऊल टाकणार नाही."

"किती वाजता गेली होतीस?"

"सात. का?"

"अगं, दिवे लागल्यावर विरजण देतं का कोणी! आई तर मीठही देत नाही."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "सात वाजता? इतकी वर्षं काय शिकवलं मी हिला!"

दोघं हसत होते. मीही हसले. फोन ठेवल्यावर पुन्हा फक्त फ्रिजची घरघर. दूध झाकून आत ठेवलं.

सकाळी आठनंतर जायचं ठरवलं होतं. सव्वासातला वाटी घेऊन समोर गेले, दूध तापवायचंही बाकी होतं. बेल वाजवली. आतून साखळी निघाली आणि मी वाटी पुढे केली.