लटारू गुरुजींची मोहाची टोपली

लटारू गुरुजींना खुर्चीत बसलेलं मी पाहिलं नाही. सावली गावापासून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावच्या बुनियादी शाळेत ते बांबूकाम शिकवत. १९५५ च्या आसपासची गोष्ट. मी जंगलात बांबू तोडत असे आणि शाळेला लागणारा बांबूही मीच आणून टाकत असे. पोरं बांबू चिरून कामट्या काढायची. गुरुजी त्यांच्यामधून येरझारा घालायचे. कामटी जाडबारीक दिसली की घेऊन मोडायचे. पोरगा मुकाट्यानं दुसरी काढायला लागायचा.

गुरुजी जातीनं बुरूड. बाप ब्रह्मपुरीच्या बाजारात सुपं विकायचा. गुरुजी सातवी शिकलेले, म्हणून शाळेत हस्तकला आली तेव्हा त्यांना घेतलं. पण बाजारात मिळते तशी वस्तू ते वर्गात करू देत नसत.

"तशी तं माहा बापबी करते," म्हणायचे.

घरात रोज लागणारी एखादी वस्तू घ्यायची. ती वापरणाऱ्याला कुठं अडते ते जाऊन बघायचं. नवी कशी करायची ते पाटीवर काढायचं, कोणासाठी ते खाली लिहायचं. मगच कोयत्याला हात लावायचा. वस्तू झाली की वापरणाऱ्याला द्यायची आणि गुणही त्यानंच द्यायचे.

मोहाची फुलं गळायला लागली की पोरं वेचायला जात, वर्ग अर्धा ओस पडे. त्या साली चौथीतली वच्छलाही जाणार होती. कामटी तिच्याइतकी सरळ कोणी काढत नसे. होळीच्या आधीच तिची आई सुकरी शाळेत आली.

"पोरगी आता येणार नाई गुर्जी. मोहावर टोपली कोण उचलंल?"

"परीक्षा हाय तिची."

"मोहाले ते कसं कळंल?"

सुकरीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाई वेचत पुढं सरकते, टोपली मागं राहते. ती उचलून आईजवळ नेत राहायचं, हेच लहान पोरीचं काम. पण मोहाला गेलेली पोरगी शाळेत परत येतेच असं नव्हतं. आदल्या साली गेलेल्या दोघी आल्याच नव्हत्या.

गुरुजींनी वर्गाला काम दिलं. टोपली बाईसंगं चालली पाहिजे. झाडाखाली नेऊन वेचणाऱ्या बाया दाखवल्या. पोरांनी पाठीवर बांधायची खोल टोपली ठरवली. गुरुजींनी ती स्वतः पाठीवर घेतली, बांबूचे तुकडे भरले, वर्गात फिरून पाहिली. काही पडलं नाही.

झाडाखाली सुकरीनं ती बांधली. खांद्यावरून मागं फुलं टाकत गेली. टोपली भरत आली आणि ती पुढच्या फुलाला वाकली. सगळा मोह डोक्यावरून खाली.

शेजारची बुधरी हसून हसून खालीच बसली. "झाड एकडाव टाकते, तू दुसऱ्यानं टाक बाई."

गुरुजींनी पोरांकडं पाहिलं. "वर्गात कोणी वाकलं होतं?"

पोरांनी नाही म्हणून माना हलवल्या.

"मीबी नाई वाकलो," ते म्हणाले, आणि तिथूनच मला हिरवा बांबू आणायला पिटाळलं. मी दमलेलो होतो. सांगून उपयोग नव्हता.

दुसरी टोपली पुढं, कमरेला. ती गुडघ्याला लागायची. उसवून परत विणली. उथळ केली, पोटाकडची बाजू आत वळवली, काठाला चिंधी गुंडाळली. सुकरी आता दोन्ही हातांनी वेचत सुटली.

"कितवा महिना व बाई?" बुधरीनं विचारलं.

"भरत आला. बारसं गुर्जीच्या घरी हाय."

पोरं हसली. गुरुजी नाही. "मंग, गुण किती?"

"पुरे गुण. अशीच अजून एक द्या."

"कोणाले?"

"वच्छलाले. आता टोपली उचलाचं काम नाई. दोघीबी वेचू, तं घर भरते."

पोरगी शाळेसाठी मोकळी व्हावी म्हणून टोपली केली होती. गुरुजी झाडाभोवती फिरायला लागले. वच्छला खाली बघून म्हणाली, "कोणासाठी करतो ते लिवलं होतं गुर्जी. कायसाठी करतो ते नाई लिवलं."

ते थांबले. मग जे आधी विचारायला हवं होतं ते सुकरीला विचारलं. पोरगी रोज किती वेळ लागते?

"ऊन चढेवर. मंग मोह पडत नाई. वाळत घालाचं मीच करतो."

"ऊन चढलं का पाठवजो."

"तवा तं तुमची शाळा सुटते."

उन्हाळ्यात शाळा सकाळची. गुरुजींनी दुपारचा वर्ग मागितला. हेडमास्तर गुणवंतराव म्हणाले, "दुपारी कौलं तापतात लटारू. पोरं भाजतील."

"पोरं जंगलातून येणार हायत भाऊ. तिथं काय सावली हाय?"

गुणवंतरावांनी खिशात हात घातला. शाळेची किल्ली काढून दिली. वाचन, हिशेब तुम्हीच घ्यायचे, म्हणाले.

पहिल्या दुपारी मी बांबू घेऊन गेलो तेव्हा गुरुजी फाटकाशी होते. आत जायचे, परत यायचे. पोरं एकेक करून आली. हाताला मोहाचा चिकटा, डोळ्यांवर झोप. वच्छला सगळ्यांत मागून आली. कमरेची टोपली सोडून तिनं गुरुजींपुढं ठेवली.

"डाव्या अंगाले टोचते," ती म्हणाली. "दुसरी करा लागते."

"आधी हिशेब," गुरुजी म्हणाले, आणि तिला आत घेतलं.