रिकाम्या खुर्चीतले पावणं

संयोगिताच्या टेबलासमोर एक खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे. म्हणजे दिसेल असं कुणी बसत नसे. कोल्हापुरातल्या आरोग्य खात्याच्या ज्या कचेरीत ती कामाला होती, तिथं खुर्च्या कधीच पुरल्या नाहीत. तरी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ती एक खुर्ची सोडून उभे राहत. नवखा कुणी टेकायला गेलाच तर जुनी माणसं त्याला हळूच सांगत, ती पावण्यांची आहे. कुठले पावणे, असं त्यानं विचारलं की सगळे संयोगिताकडं बघून हसत आणि संयोगिता खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडं बघत बसे.

तिचं काम लिहिण्याचं. पुराचं पाणी ओसरल्यावर काय उकळायचं, लहान पोराला कुठली लस कधी टोचायची, ताप अंगावर काढू नका, असला मजकूर ती लिही. मग तो फलकांवर चढे, मोबाईलवर फिरे, रिक्षाच्या भोंग्यातून गल्लीबोळात वाजे. खाली तिचं नाव नसे. तिला त्याचं वाईटही वाटत नसे.

नोकरीला लागली तेव्हा ती मराठीत एम.ए. झालेली, आणि शब्द असे वापरी की नाकापेक्षा मोती जड. पहिलाच मजकूर तिनं लिहिला, 'जलजन्य आजारांच्या प्रतिबंधार्थ नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' सरकारी मराठीचं एक बरं असतं. ती कुणालाच उद्देशून नसते, त्यामुळं कुणाला राग येत नाही आणि कुणी ऐकतही नाही. विभागाच्या प्रमुख डॉ. मेहमुदा मुजावर यांनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. हे नागरिक राहतात कुठं, असं त्यांनी विचारलं. आपण जन्मापासून कुरुंदवाडला राहिलो, नदी दारात बघितली, माणसं पुष्कळ भेटली, पण नागरिक एकही भेटला नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढत आणली आणि टेबलासमोर ठेवली. ज्याला सांगायचंय त्याला इथं बसव, आणि तो उठून जाणार नाही असं लिही, एवढं सांगून त्या निघून गेल्या.

बाकीचे नियम बाईंनी एका पानावर लिहून भिंतीला चिकटवले होते. काय करायचं ते आधी सांगा, का करायचं ते मागून. एका वाक्यात एकच गोष्ट. घाबरवू नका, दोष देऊ नका. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. कुठं 'माणूस' म्हणून भागत असेल तर तिथं 'रुग्ण' म्हणू नका. ते पान उन्हानं पिवळं पडलं, पण संयोगिताला पाठ झालं. खरा नियम मात्र त्या खुर्चीचा होता.

आणि खुर्चीत खरोखरच कुणी तरी येऊन बसू लागलं. संयोगिता तशी स्वप्नाळूच. शाळेत बाई खडू मारत तेव्हा ती भानावर येई. लिहायला बसली की तिचे डोळे अर्धे मिटत, पंख्याचा आवाज लांब जाई आणि दारातून पावणं आत येत. पुराचा मजकूर असला की त्यांच्या धोतराचा सोगा भिजलेला असे आणि अंगाला नदीच्या गाळाचा वास येई. ऊसतोडणीच्या दिवसांत ते वारणानगरकडून येत आणि पायताणं दाराशी काढत. कधी कोडोलीची म्हातारी होऊन येत, पदरात नातू घेऊन. चेहरा नीटसा दिसत नसे, पण हात दिसत, आणि प्रश्न ऐकू येत. मग म्या काय करू ते सांग की, असं पावणं विचारत. संयोगिता उत्तर लिही. पावणं मान हलवून उठले की मजकूर झाला असं ती समजे. कचेरीतले हसत ते हसोत बापडे.

त्या हिवाळ्यात पावणं यायचे बंद झाले.

झालं असं, की काही गावांत एक चिवट ताप निघाला. रक्त तपासलं तेव्हा तो जनावरांकडून माणसात आलेला निघाला, कच्च्या दुधातून. आता कोल्हापुरात धारोष्ण दुधाविरुद्ध बोलायचं म्हणजे थोडंथोडकं धाडस नव्हे. मेहमुदाबाईंनी संयोगिताला बोलावलं आणि विचारलं, की हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का. कारण त्यांना माहीत होतं, संयोगिता गवळ्याची पोर. तिचे वडील बाळासो, म्हणजे तिचे आबा, सकाळ-संध्याकाळ तालमीसमोरच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देत. तोच त्यांचा धंदा आणि तोच त्यांचा तोरा. संयोगिता म्हणाली, मीच लिहितो. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, आणि तिनं मराठीत एम.ए. करूनही ते सोडलं नव्हतं.

तिनं लिहिलं आणि ते वाईट झालं. 'कट्ट्यावरील कच्चे दूध पिणे आरोग्यास घातक आहे.' मेहमुदाबाई म्हणाल्या, यात कट्टेवाला आरोपी झालाय, आणि आरोपी कधी ऐकत नसतो. संयोगितानं पुन्हा लिहिलं. आता ते इतकं गुळमुळीत झालं की त्यातून दूध प्यावं की पिऊ नये हेच कळेना. खुर्ची रिकामी ती रिकामीच. ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर भलतंच येऊ लागलं.

धुकं. कट्ट्यावर म्हशींच्या पाठीतून निघणारी वाफ. लंगोटावर नुसती शाल पांघरून आलेले पैलवान, हातात पितळी पेले, आणि आबांच्या मुठीतून पडणारी धार. आधी भांड्याच्या तळावर वाजणारी, मग फेस चढेल तशी मऊ होत जाणारी. लहानपणी ती आबांच्या मांडीला टेकून उभी राही आणि तो आवाज ऐकता ऐकता उभ्या उभ्या झोपे. शेवटचा पेला आबा स्वतः पीत. ओठांवर फेसाची मिशी उमटे. आचळापासून ओठांपर्यंत दुधाला वारा लागता कामा नये, असं ते म्हणत. उकळलेलं दूध त्यांच्या लेखी दूध नव्हतंच, आजाऱ्याचं पथ्य होतं. संयोगिताला तो कट्टा जगात सगळ्यात जास्त आवडत असे, आणि आता त्याच कट्ट्यावर मिठाचा खडा टाकायला ती बसली होती.

दुपार कलली. तिनं नवा कागद घेतला आणि नियमाप्रमाणं आधी काय करायचं ते लिहिलं. दूध उतू जाईस्तोवर तापवा, मग प्या. त्याखाली तापाची खूण लिहिली. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो. कंबर धरते, गुडघे दुखतात. जेवण गोड लागत नाही.

समोरची खुर्ची करकरली. पावणं येऊन बसले होते. खांद्यावर टॉवेल, मनगटावर दुधाचा वाळलेला डाग, एक हात कंबरेवर. या वेळी चेहरा दिसला. आबांचा.

संयोगितानं पेन खाली ठेवलं. आई परवाच कुरकुरत होती, की ह्यांची चादर रोज सकाळी पिळून निघतीय. आबा हल्ली धार काढून उठताना म्हशीच्या पाठीचा आधार घेत होते. वय झालं, असं सगळे म्हणत आणि तीही म्हणत होती. गेल्या पावसाळ्यात रतन म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू अवेळी पडलं, तेव्हा आबांनीच बाह्या सरसावून उघड्या हातांनी तिला मोकळं केलं होतं, आणि हा ताप तसल्या हातांवाटेही येतो. इतके दिवस ती जिल्ह्याभरातली माणसं त्या खुर्चीत बसवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

अर्धी रजा टाकून ती घरी गेली. आबा गोठ्यात रतनच्या पाठीवरून खरारा फिरवत होते. आई, म्हणजे अंबूबाई, वैरण टाकत होती. संयोगितानं हवापाण्याची चौकशी केली, पेंडीचा भाव विचारला, आजकाल थंडी फार पडते म्हणाली. आबांनी खरारा खाली ठेवला.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपिवतीस? काय हाय ते बोल."

मग तिनं पिशवीतून कागद काढला आणि वाचला. कचेरीत ती असला मजकूर धडाधडा वाचून दाखवी, पण आज ती एकेका वाक्यापाशी अडत होती. घामाचं वाक्य आलं तेव्हा आईनं वैरणीची पेंढी तशीच हातात धरली आणि आबांकडं पाहिलं. आबा मात्र रतनकडं बघत होते. तिनं वाचून संपवलं आणि कागदाची घडी घातली. म्हैस रवंथ करत होती.

"ह्ये समद्यास्नी लिवलंस, का मला?" आबांनी विचारलं.

"लिवताना तुमीच समोर बसला हुता, आबा."

आबा खाली बसले. कंबर धरूनच बसले. त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि जो प्रश्न येऊ नये म्हणून ती वाटभर देवाला विनवत आली होती, तोच विचारला.

"म्हंजी म्या माणसांस्नी ताप वाटला व्हय?"

नाही म्हणायला तिची जीभ नुसती शिवशिवली. बाप होता तो तिचा. तो कट्टा, ते पेले, चार पिढ्यांचा विश्वास, सगळं त्या एका 'नाही'वर टिकणार होतं. पण भिंतीवरचं पिवळं पान तिला पाठ होतं, आणि परक्यांना खरं सांगायचं नि बापाला खोटं, हे तिला जमेना.

"मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "तपासल्याबिगर कुणालाच ठावं न्हाय. पण औषध हाय, आबा. माणूस बरा हुतो."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरारा उचलून खुंटीला लावला. त्या संध्याकाळी त्यांनी म्हशी कट्ट्यावर नेल्या नाहीत, असं पूर्वी फक्त घरात कुणी गेल्यावर होत असे. संयोगिता न जेवता झोपली. आपण बापाचं मन मोडलं असं तिला वाटत राहिलं.

सकाळी मात्र आबा पांढरा सदरा घालून तयार होते. चल, कुठं रगत द्यायचं ते दाव, एवढंच म्हणाले. ताप निघाला, तोच. रतनमध्येही निघाला. तिला वेगळं बांधलं, तिचं दूध बंद झालं. बाकीच्या म्हशी चांगल्या ठरल्या, पण आबांचा हात पुन्हा पेल्याकडं गेला नाही.

ते कट्ट्यावर परत आले तो दिवस संयोगितानं लांबून, तालमीच्या भिंतीआडून पाहिला. धुकं तसंच होतं आणि वाफही तशीच. शाल पांघरलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं हात पुढं केला. आबांनी त्या हाताकडं पाहिलं. मग आपला नेहमीचा मोठा आवाज अख्ख्या कट्ट्याला ऐकू जाईल असा लावून ते म्हणाले, "पावणं, पेला न्हाय मिळायचा. किटली आणा, घरी न्या, उकळून प्या. मलाच ताप आलाय, माझ्याच म्हशीपास्नं. तुमाला कुणाला घाम फुटत आसंल तर लाजू नका, दवाखान्यात जावा."

कुणी हसलं. कुणी शेजारच्या कट्ट्यावर गेलं. एक म्हातारा तिथंच थांबला, आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिला, आणि दवाखाना किती वाजता उघडतो ते त्यानं विचारलं. भिंतीआड संयोगिता रडत होती. तिच्या हातून इतका मजकूर लिहून झाला होता, पण कुणी ऐकलेलं तिनं त्याआधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तिचा कागद त्याच आठवड्यात रिक्षावर चढला. शेवटी तिनं एक वाक्य वाढवलं होतं, 'गवळीदादा, आधी तुमची तब्येत दाखवा.' मेहमुदाबाईंनी त्यात काही खोडलं नाही.

आबा औषधाच्या गोळ्या न्यायला आले ते दवाखान्यातून थेट तिच्या कचेरीत. दुपारची वेळ, पंखा फिरत होता, संयोगिता डोळे अर्धे मिटून बसली होती. दारातून कुणी तरी आत आलं, पायताणं दाराशी काढली, आणि टॉवेलानं खुर्ची झटकून बसलं. शिपाई पुढं धावला, मग काय वाटलं त्याला, जागीच थांबला. संयोगितानं डोळे उघडले. पावणं गेले नाहीत. मनगटावर दुधाचा डाग होता आणि श्वास ऐकू येत होता.

आबांनी भिंतीवरचं पिवळं पान पाहिलं, टेबलावरचा अर्धा लिहिलेला कागद पाहिला, आणि हात गुडघ्यांवर ठेवून आरामात मागं रेलले.

"म्होरलं वाच," ते म्हणाले. "बसलोय मी."