पदरावरची उरलेली जागा

जगातली प्रत्येक कोरी वस्तू आपल्यासाठीच कोरी ठेवलेली आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत होती. औंढ्याला ओसरीवर बसून ते पुण्याच्या रंगाऱ्यांसाठी कापड छापायचे सागवानी ठसे कोरत. त्यांच्या मोराच्या पिसाऱ्यातला डोळा इतका बारीक, की तो बघायला मला चष्मा लागे. कोरताना त्यांना तो लागत नसे. ठसा पुरा झाला की त्याची परीक्षा हाताशी येईल त्या कापडावर. उशांचे अभ्रे, पाहुण्यांची उपरणी, माझ्या सदऱ्याची पाठ, काही सुटलं नाही. लोणावळ्याच्या बाजारात कुणी पाठीवर कोयरी घेऊन हिंडताना दिसला, की तो औंढ्याला जेवून आलाय हे दुकानदार ओळखत. कुणी कुरकुरलं तर मामा म्हणत, "फुकाट दिलाय. रंगारी पैकं मोजतो ह्याचं."

एकदा मामींना त्यांच्या भावाने पिवळं लुगडं घेतलं. मामी पाण्याला गेल्या आणि मामांनी त्याच्या कोऱ्या पदरावर नवं कमळ उमटवलं. कापड ताणून धरायला मी होतो, हे लिहिताना आजही मान खाली जाते. मामी लुगडं घेऊन तडक भाज्याला, माहेरी निघून गेल्या.

त्यानंतर मामा ठसे कोरत, पण छापून बघेनात. म्हणाले, "रागवायला कुनी न्हाई, तर ठसा जमला का न्हाई ह्ये कळायचं कसं?"

शेवटी तोच कमळाचा ठसा, रंगाची गादी आणि मला घेऊन ते भाज्याला गेले. मामी दारातूनच म्हणाल्या, "आता काय नासायचं ऱ्हायलंय?"

"लुगडं आन. एकलं फूल हाय म्हणून डाग दिसतोय. रांग केली की नक्षी दिसंल."

मामींनी लुगडं आणलं आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुमी लांब बसा."

फुलाला फूल जुळवत मामांनी पदरभर कमळं उमटवली. शेवटी मात्र अंदाज चुकला. एक फूल मावणार नाही एवढीशी जागा उरली. मामींनी तिथं बोट ठेवलं. "आन ह्ये?"

मामा गडबडले. "तितं कळी बसंल. कोरायची हाय. घरी चल, तुज्याम्होरं कोरतो."

मामी परत आल्या. कळी काही मामांनी कोरली नाही. विचारलं की म्हणत, "कोरली, की ही पुन्ना भाज्याला जायाला मोकळी."

आता दोघंही नाहीत. लुगडं आमच्याकडे आहे, ती जागा तशीच आहे. औंढ्याच्या त्या ओसरीवरून नवा सदरा घालून जाताना माझी पाठ अजून आपोआप तिकडे वळते.