हिराबाईंच्या विहिरीतलं डिझेल

रिपोर्ट लिहायला बसलं की शब्द सुचत नाहीत, आणि मित्रांत चहाला बसलं की किस्से संपत नाहीत! वसईजवळच्या वालीवमधल्या त्या एका साइटने आम्हाला जन्मभर पुरतील एवढे किस्से दिले. घडत होते तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

मी परदेशात भूजलाचं शिक्षण घेऊन नुकताच परतलो होतो. एव्हरशाईन वसाहतीत भावाच्या फ्लॅटवर राहायचो आणि वसईचं पाणी आपणच वाचवणार, असं भेटेल त्याला सांगायचो. वालीवला एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या आवारात जमिनीखाली डिझेलची टाकी होती. आवाराला लागून हिराबाईंची विहीर, आणि तिच्या पुढे सगळ्या पाड्याची पिण्याची विहीर. हिराबाईंच्या पाण्यावर डिझेलचा तवंग आला होता. तो पुढे सरकला की पाडा तहानलेला राहणार! तो अडवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं.

उपाय असा, की दोन विहिरींच्या मधे बोअर मारून पाणी सतत उपसायचं. मग डिझेल पाड्याकडे न जाता बोअरकडे ओढलं जातं. ते वेगळं काढायचं आणि उरलेलं पाणी स्वच्छ करायचं. याला ‘पंप अँड ट्रीट’ म्हणतात. पण टाकी गळतच राहिली तर सगळं फुकट. आणि शेठचं एकच पालुपद, “आमची टाकी गळत नाही!”

*

देवळासमोर सभा घेतली. मी उत्साहाने म्हणालो, “आम्ही इथं पंप बसवणार आहोत.”

एक म्हातारे गृहस्थ उठले. “शेठच्या गेटात एक पंप हाय, त्यानंच वाट लावली. आता तू दुसरा लावतोस?”

“बाबा, हा डिझेलचा नाही, पाणी उपसायचा पंप.”

विहिरी उपसून शहरात पाणी विकणाऱ्या टँकरवाल्यांवर तेव्हा लोक भयंकर चिडलेले होते. मागून कोणीतरी ओरडलं, “टँकरवाल्याचा मानूस हाय!” पाहतो तर आमच्या जीपच्या चारही चाकांची हवा गेलेली!

लोक जवळ येऊ लागले. आमचा सुपरवायझर सतीश घाबरून म्हणाला, “अहो, पाणी विकणार नाही, ट्रीट करणार!”

“ट्रीट? कोंबडी का बोकड?”

तेव्हा कुठे कोणीतरी हसलं. ज्याने हवा सोडली होती त्यानेच सायकलचा पंप आणून माझ्या हातात दिला. “घ्या साहेब, हा तिसरा पंप!”

*

पाणी शेवटी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशातून गाळायचं होतं. ऑर्डर सतीशने फोनवरून दिली. टेम्पो आला, गोण्या उतरल्या. उघडतो तर शेगडीचा कोळसा! मी कपाळाला हात लावला. एकेक दिवस मोलाचा होता.

टेम्पोवाला म्हणाला, “टेन्शन नका घेऊ साहेब. पेटवला की अ‍ॅक्टिव्हेट होतो!”

*

एकदा शेठचा मॅनेजर हिराबाईंच्या विहिरीवर आला. सोबत आवारातले चार दांडगे ड्रायव्हर. “बाई, कसलं डिझेल आणि कसलं काय! उगाच बोंब मारू नका.”

कनवटीची काडेपेटी काढून हिराबाईंनी त्याच्यापुढे धरली. “नाय ना डिझेल? मग वाकून पेटव काडी.”

डिझेल असं काडीने चटकन पेटत नाही हे मला माहीत होतं. तरी मी चार पावलं मागे सरलो. ड्रायव्हर माझ्याही मागे! मॅनेजरने काडेपेटी घेतली, विहिरीत डोकावला, वास घेतला आणि काडेपेटी परत दिली.

“आज वारा फार आहे,” तो म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं.

*

लोडशेडिंगने तर जीव काढला. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की डिझेल पाड्याकडे निघालं! बोअर आणि पाड्याची विहीर यांच्या मधे एक तपासणीचं भोक पाडलं होतं. त्यात पाइप सोडायचा, पाणी वर काढायचं, हुंगायचं. एका दुपारी त्या पाण्यालाही डिझेलचा वास आला.

सतीश धावत जनरेटर घेऊन आला. आणला शेठकडूनच, जवळपास दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

“पण जनरेटरच्या टाकीत डिझेल नाही,” तो म्हणाला.

हिराबाई पदर खोचून उठल्या. “बादली देऊ? हीर भरलीय!”

*

शेवटी प्रदूषण खात्याचे साहेब पाहणीला आले. शेठ हात जोडून उभे. “साहेब, टाकी नवीकोरी आहे. थेंब गळत नाही. ही पोरं उगाच आमचं नाव खराब करतात.”

साहेब मला म्हणाले, “टाकी गळते याचा पुरावा नसेल तर मी ती बंद करायला सांगू शकत नाही. आणि तुमचा पंपही किती दिवस चालवायचा?”

पाड्यातल्या बायका कळशा घेऊन बाजूला उभ्या होत्या. मी साहेबांना शेडमध्ये नेलं. पाण्यावरून काढलेलं डिझेल तिथं पिंपात साठवलं होतं.

“हे डिझेल कुठून आलं?” साहेबांनी विचारलं.

“मला काय माहीत!” शेठ म्हणाले.

“माज्या हिरीतलं हाय,” हिराबाई पुढे झाल्या. “म्हंजे माजंच. जावयाच्या टेम्पोला घालीन म्हनते.”

त्यांनी पिंपावर हात ठेवला मात्र, शेठ ओरडले, “ए बाई, हात काढ! तुझं कसं? माझ्या टाकीतलं आहे ते!”

साहेबांनी चष्मा काढला.

हिराबाईंनी पिंपावरचा हात काढून घेतला. “बरं बाबा,” त्या म्हणाल्या, “तुजं तर तुजं.”